चालीतल्या चुका

९ जानेवारी

आज माझा चेंडू पास झाला.

तीन आठवडे मी संगणकावर एक चेंडू पाडते आहे आणि तीन आठवडे लंबक सर म्हणताहेत, "हा चेंडू नाही, फुगा आहे." लंबक सर म्हणजे आम्हाला गती आणि तोल शिकवणारे सर. मूळचे भौतिकशास्त्राचे. बोलताना टाचांवर मागेपुढे झुलतात म्हणून हे नाव. त्यांना ते माहीत आहे.

शेवटी मी जुन्या कॉलेजची वही काढली. वरून सोडलेली वस्तू पहिल्या क्षणात एक घर खाली येते, पुढच्यात तीन, मग पाच, मग सात. त्या हिशेबाने चेंडू मांडले, बटण दाबलं. पडला. धप्प. सर म्हणाले, "हं." त्यांचा 'हं' म्हणजे दुसऱ्यांच्या टाळ्या.

घरी येऊन आईला दाखवला. ती लॉन्ड्रीतून नुकतीच आली होती, चप्पलही काढली नव्हती. चेंडू तीनदा पडताना तिने बघितलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मग काहीतरी पुटपुटली.

"काय?"

"म्हटलं, दोन वर्षं भौतिकशास्त्र शिकून चेंडू पाडलास."

मी लॅपटॉप मिटला. पदवी अर्धी सोडून ॲनिमेशनला आले त्याला दीड वर्ष होईल, पण टोमणे काही संपत नाहीत. निदान हसत म्हणाली असती तर मीही हसले असते.

२१ जानेवारी

शेवटच्या परीक्षेची फिल्म जाहीर झाली. एक मिनिट, एक माणूस, एक ओझं. "वजन सांगायचं नाही, दिसलं पाहिजे," सर म्हणाले. अट अशी की आधी जिवंत माणसाचं चित्रण करायचं, ते चित्राचित्राने मोजायचं आणि त्यावरून आपलं पात्र हलवायचं. २० एप्रिलला द्यायची.

मला विचार करावाच लागला नाही. आईने आयुष्यभर हॉस्पिटलच्या आणि हॉटेलांच्या चादरींची गाठोडी उचलली आहेत. एक बाई गाठोडं घेऊन जिना चढते, वरच्या वळणावर वळते, ठेवते, जाते. बस. एवढंच.

आईला विचारलं. म्हणाली, "माझ्या चालण्यावर पिक्चर? लोक उठून जातील."

तेच दगडी तोंड. पण हो म्हणाली.

२८ जानेवारी

पहिलं चित्रण. आमच्या इमारतीच्या व्हरांड्यात एक फुटाच्या फरशा आहेत, म्हणजे मोजपट्टी आयतीच. आई या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली.

पाऊल दीड फरशीचं. एका पावलाला बारा चित्रं, म्हणजे अर्धा सेकंद. इथपर्यंत पुस्तकाबरहुकूम. पण उजवा हात! तो हलतच नाही. कोपरात किंचित वाकलेला, पोटाशी धरलेला, जसा काही त्यात कुणाचा निरोप आहे.

चालताना हात उगाच हलत नाहीत. एक पाय पुढे गेला की कमरेपासून शरीराला पीळ बसतो, तो पीळ विरुद्ध बाजूचा हात काढून टाकतो. हे मी तिला नीट समजावलं.

"आई, हात हलव ना."

"हलवतेच आहे."

"नाही हलवत. फाशी जाणाऱ्यासारखी काय चालतेस?"

तिने आपल्या हाताकडे बघितलं. मग परत चालली, या वेळी हात मुद्दाम पुढेमागे फेकत, पण ज्या बाजूचा पाय त्याच बाजूचा हात. मी हसून हसून कॅमेरा हलवला. ती हसली नाही. वाईट वाटलं असावं. सॉरी म्हणायला हवं होतं, पण ती आत जाऊन निजली. संध्याकाळी सहा वाजता.

१२ फेब्रुवारी

पहिल्या पंधरा सेकंदांची तपासणी. मी आईच्या चालीतल्या चुका काढून टाकल्या होत्या. हात सूत्राप्रमाणे हलवला, टाच नीट टेकवली, पाठ सरळ केली. माझं पात्र मस्त चालतं. शेजारी बसणारी चष्मिस म्हणाली, "ही बाई तर मोर्चाला निघालीय!"

सरांनी माझी फिल्म आणि आईची क्लिप शेजारीशेजारी लावली.

"हा हात कुठून आणलास? इथे तर तो हलत नाहीये."

"सर, ती चूक होती. मी दुरुस्त केली."

"कुणाची चूक?"

"आईची."

सर थोडा वेळ झुलले. "निरीक्षण आणि सूत्र जुळलं नाही तर आपण खोटं कुणाला ठरवतो?"

"निरीक्षण पुन्हा घेते, सर."

"घे मग."

१६ फेब्रुवारी

दादाचा फोन. तो नोकरीच्या गावी गेल्यापासून रविवारी करतो. आईशी बोलून झाल्यावर मला म्हणाला, "तुझा फोन बदल, आईचा आवाजच येत नाही. विहिरीतून बोलल्यासारखा येतो." माझा आवाज त्याला खणखणीत येत होता. मी म्हटलं, तिची माझ्यावर खप्पामर्जी आहे, त्यामुळे माझ्या फोनवर ती तोंड उघडत नाही.

२ मार्च

दुसरं चित्रण. पूर्ण फसलं.

पाऊल एका फरशीच्या जरासं पुढे. टाच टेकतच नाही, पाऊल घासत जातं. आणि वळण! कुणीही बाई तीन पावलांत वळते. आईने सात घेतली, जागच्या जागी. चौथऱ्यावरचा पुतळा फिरवून ठेवावा तशी फिरली. मी पाच वेळा करून घेतलं, पाचही वेळा तेच.

"आई, मन लाव ना जरा."

"मन लावून कसं चालतात?" ती म्हणाली. मला दोनदा विचारावं लागलं तेव्हा कळलं.

मग मी बोलले. दीड वर्ष साठलेलं सगळं बोलले. की मी हे शिकू नये असंच तुला वाटतं, मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायला लागले असते तर तू मिरवलं असतंस, मी काहीही दाखवलं तरी तुझं तोंड म्हणजे बंद दुकान. ती ऐकत उभी राहिली. रागावली नाही, रडली नाही. नुसती बघत होती. तेच जास्त लागलं. माणूस चिडतो तरी.

९ मार्च

सरांनी वर्ग सुटल्यावर थांबवून घेतलं. वाटलं, आता फिल्मचं काहीतरी सांगतील. तर विचारतात, "आईंचं वय काय?"

"चोपन्न."

"उजवा हात दुखतो का त्यांचा?"

"तीस वर्षं इस्त्री करतेय, सर. थकतो."

"एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या," असं म्हणून ते छताकडे बघू लागले.

मला कळतं की. माझी क्लिप टाकाऊ आहे हे तोंडावर कसं सांगायचं म्हणून घरची चौकशी. चष्मिसने घेतलेलं तिच्या बापाचं कुदळ मारतानाचं चित्रण सर सगळ्या वर्गाला दाखवतात. काय घाम, काय वजन! माझ्या वाट्याला सल्ला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण माझं अंगण खरंच वाकडं आहे त्याला मी काय करू?

घरी विचारलं, "हात दुखतो का?" आई म्हणाली, "नाही गं, दुखत नाही." झालं. दुखत नाही तर दाखवायचं काय?

१७ मार्च

लॉन्ड्रीतल्या सुपरवायझरने आईला इस्त्रीवरून काढून चिठ्ठ्या लिहायला बसवलं होतं. आज तिथूनही हलवलं. अक्षर वाचता येत नाही म्हणे, सुरुवातीला ठीक असतं, मग ओळ पुढे जाईल तसं मुंगीएवढं होतं. आता तिने फक्त चादरी मोजायच्या. आई हे सांगतानाही बातम्या वाचल्यासारखं सांगत होती. मी सुपरवायझरला मनसोक्त शिव्या दिल्या. बरं वाटलं, आज तरी आम्ही दोघी एका बाजूला होतो.

सकाळी मात्र माझीच चूक झाली. मी निघण्याच्या गडबडीत आणि ती म्हणते, ब्लाउजचं बटण लावून दे. मी म्हटलं, "आता बटणंही मीच लावू?" ती म्हणाली, "राहू दे." आल्यावर बघते तर साडीवर स्वेटर घालून कामावर गेली होती. एवढ्या उकाड्यात.

२७ मार्च

फिल्मची चाळीस सेकंदं तयार आहेत. फक्त जिना राहिला. परवा रविवार, आईला सुट्टी, दुपारी जिन्यात कोणी नसतं.

उशा भरून गाठोडं केलं, पण वजन दिसेना. हलकं ओझं माणूस हाताने उचलतो, जड ओझं कमरेने. म्हणून खऱ्या चादरी घेतल्या आणि ओल्या केल्या. काट्यावर नऊ किलो.

३० मार्च

आई हॉस्पिटलमध्ये आहे. खुब्याचं हाड. दादा निघाला आहे. मला लिहिता येत नाही.

२ एप्रिल

लिहिते. काय झालं ते निदान कुठेतरी खरं लिहिलेलं असू दे, कारण सगळ्यांना मी "जिन्यात पाय घसरला" असं सांगते आहे.

पाय घसरला नाही. रविवारी दुपारी ती अकरा वेळा जिना चढली. नवव्या वेळी म्हणाली, "बास आता." मी म्हटलं, शेवटचं. दहाव्यानंतरही शेवटचंच म्हटलं. अकराव्या वेळी वरच्या वळणावर ती वळायला लागली आणि तिचे पाय जमिनीला चिकटले. शरीर वळत होतं, पाय नव्हते. तीन सेकंद ती तशी उभी होती. तीन सेकंद म्हणजे किती, हे माझ्याएवढं कुणाला माहीत असणार? बहात्तर चित्रं.

मग वरचं शरीर पुढे गेलं. पाय मागेच राहिले. पडणारा माणूस हात पुढे करतो, कुणी शिकवावं लागत नाही. तिने गाठोडं सोडलं नाही. मी सांगितलं होतं ना, काहीही झालं तरी गाठोडं सोडू नकोस, शॉट कट होतो. तीन पायऱ्या. धप्प असा आवाज आला.

क्लिपमध्ये सगळं आहे. त्या तीन सेकंदांत एक आवाजही आहे, स्पष्ट, खणखणीत: "आई, पाय उचल ना! किती वेळ?"

मी क्लिप दादाला दाखवली नाही.

५ एप्रिल

हाडाचं ऑपरेशन झालं. पण हाडाच्या डॉक्टरांनी दुसऱ्या एक बाई डॉक्टर बोलावून घेतल्या, मेंदू आणि नसांच्या. त्यांनी आईला बोटं उघडमीट करायला लावली, कागदावर एकच वाक्य पाच वेळा लिहायला लावलं, मनगट धरून हळूहळू फिरवलं. मग मला आणि दादाला बाहेर घेऊन गेल्या.

कंपवात.

मी म्हटलं, "पण तिला कंप नाही हो!" वाटलं, सापडली चूक, आता या म्हणतील, अरे हो की.

"सगळ्यांना नसतो," त्या म्हणाल्या. "काहींचं नुसतं शरीर कडक होत जातं, हालचाल मंदावते. पाऊल लहान होतं, एका बाजूचा हात हलेनासा होतो, अक्षर बारीक होतं, आवाज उतरतो. वळताना पाय जागीच अडकतात. यांना हे कधीपासून होतंय, काही लक्षात येतं का?"

दादा म्हणाला, "आमच्या तर काहीच लक्षात आलं नाही."

मी लॅपटॉप उघडला. २८ जानेवारी: पाऊल दीड फरशी. २ मार्च: एक फरशी आणि दोन बोटं, वळण सात पावलांत. तारखेनिशी, चित्रानिशी, उजव्या हाताच्या कोनासकट. शेवटची क्लिपही दाखवली. दादा तिथेच उभा होता, त्यानेही ऐकलं. मग बाकावर जाऊन बसला.

डॉक्टर म्हणाल्या, "इतकं व्यवस्थित निरीक्षण आम्हाला कुणीच आणून देत नाही."

दिव्याखाली अंधार म्हणतात. मी तर दिवाच तिच्यावर रोखून बसले होते.

७ एप्रिल

आज डॉक्टर आईची तपासणी करून जाताना सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "चेहऱ्याचे स्नायूही कडक होतात बरं का. घरच्यांना वाटतं माणूस रुसलाय, कशातच लक्ष नाही. त्या हसत असतात, आपल्याला दिसत नाही."

मी घरी येऊन ही वही पहिल्या पानापासून वाचली. वाचायला नको होती.

दोन वर्षं भौतिकशास्त्र शिकून चेंडू पाडलास. हा विनोद होता. चांगला विनोद होता.

१४ एप्रिल

लंबक सर हॉस्पिटलमध्ये आले. हातात फळांची पिशवी, ती कुठे ठेवायची हेच त्यांना सुचेना. आईला नमस्कार करून म्हणाले, "तुमची मुलगी हुशार आहे." आई काहीतरी म्हणाली. सरांना ऐकू आलं नाही, त्यांनी मान डोलावली.

बाहेर आल्यावर ते झुलत नव्हते. पहिल्यांदाच त्यांना असं सरळ उभं बघितलं.

"माझ्या थोरल्या भावाला होता," ते म्हणाले. "क्लिप बघितली तेव्हाच मला संशय आला होता. पण मी मास्तर, डॉक्टर नव्हे. वाटलं, उगाच पोरीच्या डोक्याला घोर कशाला? नीट सांगायला हवं होतं."

"तुम्ही सांगितलं होतं, सर. मीच..."

"ते सांगणं नव्हतं," सर म्हणाले.

फिल्मला महिनाभर मुदत मिळवून देतो म्हणाले. मी हो म्हटलं. माझ्याकडून काहीही हो म्हणून घेता येईल अशी माझी सध्या अवस्था आहे.

२ मे

चष्मिस घरी आली होती. शहाणी मुलगी, पण नको तेच बोलून गेली. म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस, पण ती शेवटची क्लिप... तिच्यात खरं वजन आहे गं. फिल्म त्यावर केलीस तर सगळे गप्प होतील."

मी तिला जा म्हटलं नाही. भयंकर गोष्ट ही की हा विचार माझ्या मनात तिच्या आधी आला होता. हॉस्पिटलच्या बाकावर, आई आत असताना.

ती गेल्यावर क्लिप उघडून बसले. पहिलं चित्र, दुसरं, तिसरं. चौदाव्या चित्रात आईचे डोळे कॅमेऱ्याकडे वळतात. कॅमेऱ्याकडे नाही, माझ्याकडे. त्या चेहऱ्यावर तेव्हाही काही नाही. मी तिथून पुढे जाऊ शकले नाही.

मग दुसरी फाईल उघडली, माझी चाळीस सेकंदं. ती बाई हात हलवत, टाचा टेकवत चालत येते. वाटलं, आई आजारापूर्वी अशी चालत असेल. मग आठवून बघायला लागले, खरंच अशी चालायची का? मला शाळेत सोडायला यायची तेव्हा? बाबा गेल्यावर आम्हाला दोघांना घेऊन या घरी आली तेव्हा? डोळे मिटून बसले. काही दिसलं नाही. तिचे हात आठवतात, इस्त्रीचा वास आठवतो, हाक आठवते. चाल आठवत नाही. आई चालते हे कुणी बघत बसतं का?

दादाला फोन करून विचारलं, जुनं चित्रण आहे का कुठे. त्याने शोधून पाठवलं. कुणाच्या तरी लग्नातलं, आठ वर्षांपूर्वीचं. आई सबंध वेळ खुर्चीत बसलेली आहे.

२१ मे

मुदत काल संपली. मी फिल्म दिली नाही. सरांचे दोन फोन आले, उचलले नाहीत.

आईला घरी आणलं आहे. वॉकर धरून चालते. गोळ्या दिवसातून चार वेळा, घड्याळ लावून. गोळी लागू असली की व्हरांड्याच्या निम्म्यापर्यंत जाते. उतरली की दाराच्या चौकटीत पाय अडकतात आणि ती दारातच उभी राहते, आत नाही, बाहेर नाही. मी पाठीमागे उभी असते. काही बोलत नाही. कितीही वेळ लागो.

डॉक्टरांना मी विचारलं होतं, जानेवारीतच आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, आजार थांबला नसता. गोळ्या लवकर सुरू झाल्या असत्या. मग म्हणाल्या, "खुबा वाचला असता."

खरं बोलल्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. आणि नाहीही.

३ जून

आज दुपारी आईला बटणं लावून देत होते. तिने विचारलं, "निकाल लागला?"

हल्ली मी तिच्या तोंडाजवळ कान नेते, त्यामुळे एकदाच विचारावं लागतं तिला.

"लागला."

"पास?"

"झाले की."

हे मी का म्हटलं माहीत नाही. बटणाकडे बघत म्हटलं. मग वर बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. पूर्वी मला वाटायचं मला तिचं तोंड वाचता येतं, आणि मी सगळं चुकीचं वाचायचे. आता एवढंच कळतं की मला वाचता येत नाही. तिला खरं वाटलं, खोटं वाटलं, की आनंद झाला, काही कळायला मार्ग नव्हता.

"मग दाखव," ती म्हणाली.

"काय?"

"पिक्चर. मी कष्ट केलेत त्यात."

यावर मला हसू आलं. लॅपटॉप आणला, तिच्या मांडीवर उशी ठेवून त्यावर ठेवला. चाळीस सेकंदं लावली. डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई व्हरांड्यातून चालत आली. हात झुलताहेत, पाठ ताठ, पावलं लांब लांब. जिन्यापाशी आली, पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि तिथे चित्र संपलं.

आई पडद्याकडे बघत राहिली. म्हणाली, "परत लाव."

परत लावलं.

"कोण गं ही?" तिने विचारलं.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती थट्टा करत असू दे, असं मला मनापासून वाटत होतं. त्या चेहऱ्यावर शोधलं, डोळ्यांत शोधलं.

"कोणी नाही," मी म्हटलं. "अशीच एक बाई."

"छान चालते," आई म्हणाली.